एक गाणं, दोन घरं

अप्रेझलची पत्रं वाटली गेली की ऑफिसात माणसांचे दोन गट पडतात. एक गट नवा आकडा मुकाट्याने बाराने भागतो आणि जागेवर जाऊन बसतो. दुसरा गट खालच्या टपरीवर कटिंग घेत 'बास, आता सोडतोच' म्हणतो. या दुसऱ्या गटाला गोष्टी फार लागतात. सगळं सोडून निघून गेलेल्या आणि मग जग जिंकून आलेल्या माणसांच्या गोष्टी. कुणाला गॅरेजमध्ये सुरू झालेल्या कंपन्या आवडतात, कुणाला डोंगरात कॅफे काढणारे इंजिनीअर. माझ्या ओळखीतल्या गाणीवेड्या मंडळींत हा मान डेमियन राइसला आहे.

कोण हा? नाव आठवत नसेल, पण आवाज ओळखीचा असण्याची बरीच शक्यता आहे. 'क्लोजर' सिनेमा आठवतोय? २००४ चा, माइक निकोल्सचा. लंडनच्या रस्त्यावरची गर्दी, त्या गर्दीतून सावकाश चालत येणारी नॅटली पोर्टमन, समोरून येणारा जूड लॉ, आणि मागे एक माणूस गिटारवर असं काही गातोय की सोमवारच्या मीटिंगपर्यंत ते डोक्यातून जात नाही. ते गाणं 'द ब्लोअर्स डॉटर'. आणि तो माणूस म्हणजे आयर्लंडचा डेमियन राइस.

टपरीवर त्याची गोष्ट अशी सांगतात. एका बँडमध्ये होता, मोठ्या कंपनीने करार केला, पहिला अल्बम येणार तेवढ्यात पठ्ठ्याने सगळ्यावर लाथ मारली. इटलीत जाऊन राहिला. युरोपभर रस्त्यावर गिटार वाजवत फिरला. मग घरी आला, घरच्या घरी अल्बम केला आणि जगभर गाजला. तात्पर्य, उद्याच पेपर टाका!

गोष्ट मस्त आहे. एका कटिंगमध्ये संपते. आणि खोटीही नाही. फक्त तीत माणसं फार कमी आहेत. त्याच्याबरोबर बँडमध्ये असलेल्या चौघांचं काय झालं? परत आल्यावर पैसे कुणी दिले? रस्त्यावर त्याच्यासारखेच गाणारे बाकीचे कुठे गेले? टपरीवर हे कुणी विचारत नाही. आज आपण विचारूया.

सुरुवात सेलब्रिजपासून. डब्लिनच्या पश्चिमेला, लिफी नदीच्या काठावर, किल्डेअर काउंटीतलं हे गाव. १९७३ साली जन्मलेला डेमियन इथे वाढला. नव्वदीच्या सुरुवातीला शाळेच्या ओळखीतल्या पाच पोरांनी मिळून बँड काढला, नाव ठेवलं 'ज्युनिपर'. डेमियन गायचा, पॉल नूनन ड्रम्स वाजवायचा, आणि बरोबर ब्रायन क्रॉस्बी, डेव्हिड गेराटी, डॉमिनिक फिलिप्स. गावोगाव कार्यक्रम करत त्यांनी १९९५ मध्ये 'मॅना' नावाची छोटी ईपी काढली. पुढे पॉलिग्रामसारख्या बड्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. एकदोन नव्हे, सहा अल्बमचा!

जरा हिशोब करा. दोन वर्षांना एक अल्बम धरला तरी बारा वर्षं झाली. पंचविशीच्या आतबाहेरच्या पोरांना बारा वर्षांचं काम! आपल्याकडे असं पत्र आलं तर घरचे पेढे वाटतील.

पण या करारांचं एक गणित असतं आणि ते आपल्या सॅलरी स्लिपसारखंच बारकाईने वाचावं लागतं. कंपनी सुरुवातीला जे पैसे देते ती बक्षिसी नसते, ती उचल असते. रेकॉर्डिंगचा खर्चही बहुतेक वेळा त्याच खात्यात चढतो. अल्बम विकला गेला की कलाकाराच्या वाट्यातून आधी ही उचल वळती होते, मग उरलं तर हातात पडतं. आणि उचल कंपनीची असली की कोणतं गाणं आधी काढायचं, ते कसं वाजलं पाहिजे, रेडिओवर चालेल का, यात कंपनी बोलणारच. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पैसे त्यांनी लावलेत.

१९९८ मध्ये ज्युनिपरची 'वेदरमन' आणि 'द वर्ल्ड इज डेड' ही दोन सिंगल्स आली. कौतुकही झालं. आता पहिला मोठा अल्बम. आणि इथेच डेमियनचं बिनसलं. कंपनीसाठी गाण्यांत ज्या तडजोडी कराव्या लागत होत्या त्या त्याला झेपेनात. त्याच वर्षी तो बँडमधून बाहेर पडला.

गाणं त्याने सोडलं नाही, हे लक्षात घ्या. पुढची सगळी वर्षं तो गाणीच लिहीत होता. आपलं गाणं कसं असावं हे दुसऱ्याने ठरवायचं, एवढीच एक गोष्ट त्याने सोडली. 'मला काम नको' आणि 'हे काम मला असं नको' यात फरक आहे. टपरीवर हे दोन्ही सारखंच ऐकू येतं. घरी गेल्यावर, दिवा बंद करून, आपण नक्की कोणतं म्हणत होतो हे ज्याचं त्याने बघावं.

याच्यात आणखी एक गंमत आहे. १९९८ च्या डिसेंबरात खुद्द पॉलिग्रामच विकली गेली. सीग्रॅमने दहा अब्ज डॉलरहून जास्त मोजून ती घेतली आणि युनिव्हर्सल म्युझिकमध्ये मिसळून टाकली. बारा वर्षांच्या निष्ठेची अपेक्षा करणारी कंपनी स्वतः त्या नावाने बारा महिनेही टिकली नाही. मर्जर अनुभवलेल्या मंडळींना यावर वेगळं काही सांगायला नको. 

आता ते चौघं.

विचार करा, तुमचा गायक निघून गेलाय. ज्याच्या तोंडाकडे लोक बघतात तोच नाही. करार डोक्यावर, अल्बम अर्ध्यात. अशा वेळी बँड फुटतात आणि पोरं भावाच्या दुकानात बसायला लागतात. इथे तसं झालं नाही. ड्रम्सच्या मागे बसणारा पॉल नूनन उठला आणि पुढे येऊन माइकसमोर उभा राहिला. बँडने नवं नाव घेतलं, बेल एक्स-१. आवाजाचा वेग पहिल्यांदा ओलांडणाऱ्या, १९४७ मधल्या त्या प्रसिद्ध विमानाचं नाव. २००० साली त्यांचा पहिला अल्बम आला, 'नायदर अ‍ॅम आय'. पुढे ते आयर्लंडमधल्या नावाजलेल्या बँड्सपैकी एक झाले. २००३ च्या त्यांच्या अल्बममधलं एक गाणं तर 'द ओसी' या अमेरिकन मालिकेत वाजलं आणि आयर्लंडबाहेरही पोचलं.

मला या पॉलबद्दल जरा जास्त जिव्हाळा आहे, कारण माझी पार्टी तीच. काही वर्षांपूर्वी आमच्या टीममधला स्टार माणूस असाच गेला. क्लायंटशी बोलणारा, प्रेझेंटेशन गाजवणारा. त्याच्या फेअरवेलला केक होता, भाषणं होती, 'धाडस लागतं यार' असं प्रत्येकाने म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या कॉलवर त्याच्या जागी मी होते. घशाला कोरड, समोर अनोळखी आवाज, आणि वर मॅनेजरचा मेसेज, 'सांभाळून घे.' मला कुणी केक आणला नाही! मागे राहून पुढची जागा घेण्यालाही धाडस लागतं, पण त्यावर भाषणं होत नाहीत. पॉल नूननचं नाव मला कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, चला, आपल्या जमातीचाही कुणीतरी आहे.

परत डेमियनकडे येऊ. तो इटलीत टस्कनीला जाऊन राहिला. मग युरोपात फिरत रस्त्यावर गायला. पोस्टकार्डावर हे फार रोमँटिक दिसतं. प्रत्यक्षात रस्त्यावर गाणं म्हणजे रोजचं अप्रेझल, तेही वर्षातून एकदा नाही, दर मिनिटाला. गिटारची केस उघडी ठेवायची आणि गायला लागायचं. समोरून जाणाऱ्याने तुमचं तिकीट काढलेलं नसतं. त्याला बस पकडायची असते. तो थांबला तर गाणं पोचलं, नाही थांबला तर नाही. मध्ये मॅनेजर नाही, मार्केट रिसर्च नाही. आवाज चढवून थोडा वेळ लोकांना थांबवता येतं, पण रोज तेच केलं तर घसा बसतो. म्हणून हळू गाऊन माणसाला कसं थांबवायचं हे शिकावं लागतं. डेमियनची गाणी ऐकलीत तर ही शिकवणी कुठे झाली असेल ते कळतं. अगदी कुजबुजीपासून सुरू होतात आणि तुम्ही कान पुढे करता.

अर्थात, अशी तालीम कितीही मोलाची असली तरी तिच्यावर रेकॉर्डिंगचं सामान येत नाही. इथे गोष्टीत येतो डेव्हिड आर्नल्ड. हा डेमियनचा लांबचा भाऊ, आणि साधासुधा नाही. जेम्स बाँडच्या सिनेमांना संगीत देणारा! 'टुमॉरो नेव्हर डाइज' आणि 'द वर्ल्ड इज नॉट इनफ' ही त्याचीच कामं. डेमियनने त्याला आपल्या गाण्यांचा डेमो दिला. आर्नल्डला तो आवडला आणि त्याने डेमियनला पैसे दिले, कुठेही हलवता येईल असा छोटा स्टुडिओ घ्यायला.

'सगळं सोडून' वाल्या गोष्टीत हा भाऊ नेहमी गायब असतो. त्याचा उल्लेख केला की गोष्टीची मजा जाते असं लोकांना वाटतं. मला उलट वाटतं. आर्नल्डने गाणी कशी असावीत हे सांगितलं नाही, ती करायचं सामान दिलं. कंपनीनेही पैसेच दिले होते. पैसे दोन्हीकडे होते, फरक त्यांच्याबरोबर येणाऱ्या अटींचा होता. राजीनाम्याचा मेल लिहायला बसलेल्या प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा, 'आपला आर्नल्ड कोण?' भाऊ असेल, बायकोचा पगार असेल, सहा महिन्यांची एफडी असेल. असला तर उत्तम. नसला तर आधी तो शोधायचा.

मग सामान आलं, माणसं जमली. लिसा हॅनिगन नावाची मीथ काउंटीतली तरुण गायिका. चेलो वाजवणारी व्हिव्हियन लाँग. न्यूयॉर्कहून आलेला टोमो नावाने ओळखला जाणारा ड्रमर. चकाचक स्टुडिओऐवजी स्वतःच्या सोयीने, घरगुती पद्धतीने रेकॉर्डिंग सुरू झालं. २००१ मध्ये 'द ब्लोअर्स डॉटर' सिंगल म्हणून आलं आणि आयर्लंडच्या चार्टमध्ये वर चढलं. २००२ च्या फेब्रुवारीत अल्बम आला, स्वतःच्या लेबलवर, डीआरएम. अल्बमचं नाव एकाच अक्षराचं, 'ओ'.

आता सीडी हातात घेतल्यासारखं करा आणि गाण्यांची यादी वाचा. त्यात एक नाव दिसेल, 'व्होल्केनो'. आणि मग बेल एक्स-१ च्या २००० सालच्या अल्बमची यादी काढा. तिथेही 'व्होल्केनो'! योगायोग नाही. ते ज्युनिपरच्या दिवसांतलं गाणं. बँड फुटला तेव्हा भांडीकुंडी वाटली गेली असतील, पण हे गाणं कुणा एकाच्या वाट्याला गेलं नाही. दोघांनीही ते आपापल्या घरी नेलं आणि आपापल्या पद्धतीने गायलं. बेल एक्स-१ चं आधी आलं आणि ते बँडसारखं वाजतं. डेमियनचं दोन वर्षांनी आलं, आणि त्यात लिसाचा आणि त्याचा आवाज एकमेकांना असे भिडतात की एखादं जोडपं स्वयंपाकघरात हळू आवाजात भांडतंय आणि बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेत असं वाटतं. गाणं एकच. दोघांचंही खरं.

टपरीवरच्या गोष्टीत सोडून जाणारा शूर असतो आणि मागे राहणारे बिचारे. किंवा आईबाबांच्या गोष्टीत जाणारा मूर्ख असतो आणि राहणारे शहाणे. या दोन सीडी शेजारी ठेवल्या की दोन्ही गोष्टी जरा खोट्या वाटायला लागतात. गेला त्याचं झालं, राहिले त्यांचंही झालं. ठरवलं ते प्रत्येकाने स्वतःच्या गाण्याकडे बघून ठरवलं.

पण सगळ्यांचंच झालं असंही नाही. 'ओ' हा अल्बम एका माणसाला अर्पण केलाय, मिक क्रिस्टोफर. डब्लिनमध्ये ग्राफ्टन स्ट्रीट नावाचा पायी चालणाऱ्यांचा रस्ता आहे, रस्त्यावरच्या गायकांची पंढरीच. मिक तिथला. हाही स्वतःची गाणी लिहायचा, रस्त्यावर गायचा, दोस्तांमध्ये लाडका. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये तो वॉटरबॉइज बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर होता. त्यांच्याआधी गायची संधी मिळाली होती, म्हणजे दिवस फिरायला लागले होते. नेदरलँड्समध्ये तो पडला, डोक्याला मार लागला आणि त्यातच गेला. त्याचा 'स्कायलार्किन' हा अल्बम त्याच्या मागे, २००२ मध्ये आला. म्हणजे एकाच शहरात, त्याच काळात, तशीच गिटार घेऊन उभे असलेले दोघं. एकाचा अल्बम जगभर गेला, दुसऱ्याला स्वतःची सीडी हातात घेता आली नाही. धाडस दोघांकडे होतं. 'धाडस केलं की होतंच' असं मला कुणी सांगितलं की मला मिक आठवतो.

'ओ' मात्र चालत राहिला. जोरात धावला नाही, चालत राहिला. एकाने दुसऱ्याला कॉपी करून द्यायची, त्याने तिसऱ्याला. ब्रिटनमध्ये तो टॉप टेनमध्ये पोचला. २००३ मध्ये अमेरिकेत त्याला शॉर्टलिस्ट म्युझिक प्राइझ मिळालं, जे फार खप न झालेल्या पण दर्दी लोकांनी उचलून धरलेल्या अल्बमसाठी होतं. मग 'क्लोजर' आला आणि उरलेल्यांनाही कळलं. २०११ मध्ये लिटल मिक्सने त्याचं 'कॅननबॉल' गाऊन ब्रिटनमध्ये पहिला नंबर गाठला. कंपनीच्या रेडिओवाल्या हिशोबात न बसणारा माणूस शेवटी रेडिओवरही वाजलाच.

इथे थांबले तर गोष्ट गोड होईल. पण एक गोष्ट राहते. २००६ मध्ये दुसरा अल्बम '९' आला. आणि २००७ च्या मार्चमध्ये, जर्मनीतल्या दौऱ्यावर असताना, लिसा हॅनिगनला सांगण्यात आलं की आता हे एकत्र काम संपलं. जिच्या आवाजाशिवाय 'ओ'ची कल्पनाच करता येत नाही, तिला! आपलं गाणं कसं असावं हे दुसऱ्याने ठरवू नये म्हणून बाहेर पडलेला माणूस आता स्वतः ठरवणारा झाला होता. पुढे मुलाखतींतून त्याने या तुटण्याबद्दल खंत बोलून दाखवली. त्याचा तिसरा अल्बम यायला २०१४ उजाडलं. लिसाने मात्र २००८ मध्येच स्वतःचा 'सी स्यू' काढला आणि २००९ च्या मर्क्युरी प्राइझच्या यादीत जाऊन बसली. म्हणजे ज्युनिपरमध्ये जे झालं तेच पुन्हा झालं. मागे राहिलेलं माणूस पुढे येऊन माइकसमोर उभं राहिलं.

बॉसला कंटाळून स्वतःचं काही काढणाऱ्या मित्रमैत्रिणींना मी हा भाग मुद्दाम ऐकवते. 'तू बॉस झाल्यावर काय करशील?' हा प्रश्न बिझनेस प्लॅनमध्ये कुणी लिहीत नाही.

आणि शेवटी एक धागा थेट आपल्या दारापर्यंत येतो. 'ओ'च्या त्या दिवसांत डब्लिनमधल्या एका छोट्या जागेत डेमियनचा कार्यक्रम होता. समोर अकरा वर्षांचा एक लालकेस्या पोरगा होता. कार्यक्रमानंतर तो डेमियनला भेटला, घरी गेला आणि गाणी लिहायला बसला. त्याचं नाव एड शीरन. तो स्वतःच हे पुन्हा पुन्हा सांगतो. ३० जानेवारी २०२५ ला पुण्यात यश लॉन्सवर त्याचा शो झाला तेव्हा तुमच्यापैकी किती जण ऑफिसातून लवकर निघून, ट्रॅफिकला शिव्या घालत तिथे पोचले होते ते मला ठाऊक आहे! स्टेजवर एकटा माणूस, एक गिटार, आणि समोर हजारो लोक. त्या गिटारला थोडी डब्लिनच्या रस्त्याची धूळ लागलेली होती.

तेव्हा या वीकेंडला एक काम करा. दोन्ही 'व्होल्केनो' पाठोपाठ ऐका. आधी बेल एक्स-१ चं, मग डेमियनचं. पहिलं जास्त आवडलं तर बहुधा तुम्ही राहणारे. दुसरं आवडलं तर जाणारे. आणि दोन्ही आवडली, तर सोमवारी तो मेल ड्राफ्टमध्येच ठेवा. आधी आपला आर्नल्ड शोधा.